भेटीची पावती

भेटवस्तूवरची किमतीची चिठ्ठी नखाने खरवडून काढावी, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. बक्षीस समारंभासाठी आणलेल्या पुस्तकांच्या मलपृष्ठावरील आकडाही काही गुरुजन काळ्या शाईने बुजवतात, तेव्हा आम्हांला मोठी मौज वाटते. कारण ज्या मुलाला ते पुस्तक मिळावयाचे असते, तो घरी जाताच प्रथम तो काळा ठिपका उजेडासमोर धरून पाहतो. दिलेल्या वस्तूचे मोल घेणाऱ्यास कळू नये, म्हणजे देणे निर्मळ राहते, अशी यामागची भावना. ती सुंदर आहे यात शंका नाही. (मांडवाच्या दारात वही उघडून बसलेला गृहस्थ प्रत्येकाचा आहेर रुपयांसह टिपून घेतो, ती गोष्ट निराळी!) शालजोडी, चांदीची वाटी, पितळेची समई यांच्या बाबतीत ही रीत कोणास जाचत नाही. समईला हमीपत्र नसते. ती नीट तेवली नाही, तर वात पाहावी, तेल पाहावे. कारखानदारास पत्र लिहावे लागत नाही.

यंत्राची भेट मात्र वेगळ्या जातीची. यंत्राबरोबर कारखानदाराने दिलेला एक शब्द येतो. वर्ष, दोन वर्षे हे चालेल. न चालल्यास आम्ही दुरुस्त करू किंवा बदलून देऊ, असा तो शब्द असतो, आणि त्या शब्दाची किल्ली म्हणजे खरेदीची पावती. देणारा वस्तू देतो, वेष्टन देतो, वर रेशमी फीतही बांधतो; पावती तेवढी सौजन्यापोटी आपल्या खिशात ठेवतो. म्हणजे पेटी एकाकडे आणि किल्ली दुसऱ्याकडे. या सौजन्याचा केवढा घोटाळा होऊ शकतो, हे आम्हांला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत लामत्यास पाहावयास मिळाले.

लामता हे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातले गाव. बालाघाटहून नैनपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ते वसले आहे. बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी या भागातून अडीच फुटी रुळांची छोटी लाईन नेली. साल-सागाच्या रानातून आणि भाताच्या बांध्यांच्या कडेकडेने ती शंभर वर्षांहून अधिक काळ धावली, आणि आता तिच्या जागी मोठी लाईन आली आहे. आमचे श्वशुर त्या छोट्या लाईनीवर गार्ड होते. त्यांस निवृत्त होऊन अठरा वर्षे झाली, त्यांची गाडीही गेली, तरी गाव त्यांना अद्याप गार्डसाहेबच म्हणते. २०२२ च्या जानेवारीत रेल्वेने ‘गार्ड’ हे पदनाम बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ असे केले. ती बातमी वाचून त्यांनी वर्तमानपत्राची शांतपणे घडी घातली आणि एवढेच म्हणाले, “आम्ही गार्ड म्हणून सुटलो, ते बरे झाले.”

सासूबाई गेल्यापासून गार्डसाहेब एकटे राहतात. मुली दूर, जावई दूर. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली, दुसऱ्याची व्हावयाची. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या आळीतील एका घराचे परसदार फोडून चोरांनी भांडीकुंडी आणि पाण्याचा पंप नेला. ती वार्ता पुण्यास त्यांच्या भाच्याच्या कानी गेली. भाचा मामांवर जीव टाकणारा. त्याने एका दुकानात सवलतीचे दिवस पाहून घरराखणीचा एक संच विकत घेतला : चार कॅमेरे, चित्रे साठवणारी एक पेटी, आणि दाराला लावण्याचा एक भोंगा. रजा मिळेपर्यंत तो संच महिनाभर त्याच्या कपाटात होता. पोळ्याला तो लामत्यास आला, भिंतींना भोके पाडून त्याने स्वतः सारे जोडून दिले आणि मामांच्या पाया पडून परत गेला. किमतीची चिठ्ठी त्याने अर्थातच खरवडून काढली होती.

दसरा उलटला आणि परसदाराचा कॅमेरा मिटला. चारांतला नेमका तोच. पुढच्या दारासमोर रस्ता आहे, दिवा आहे, येणारे-जाणारे आहेत. मागे मात्र वाडी आणि तिच्यापलीकडे काळोख. आम्ही पोचलो तेव्हा पडद्याच्या चार चौकोनांपैकी एक काळा होता, आणि गार्डसाहेब रात्री दोनदा उठून, हातात जुना रेल्वेचा कंदील घेऊन परसात फेरी घालून येत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने अमावास्येच्या सुमारास ओल्या पायऱ्या उतराव्यात, हे आमच्या मनास मुळीच रुचले नाही.

“भाच्याला कळवले का?” आम्ही विचारले.

“छे! धर्माच्या गाईचे दात मोजायचे असतात का, जावईबापू? त्या पोराने एवढे प्रेमाने आणून दिले. आता त्याला ‘तुझी वस्तू बिघडली’ म्हणून कसे सांगू?”

तेव्हा आम्ही खोके मागवले. ते त्यांनी माळ्यावर जपून ठेवले होते, आणि ही गोष्ट किती मोलाची हे आम्हांला लवकरच कळून आले. खोक्याच्या तळाशी हमीचे कार्ड होते, कोरे. त्यावर बारीक अक्षरांत लिहिले होते की, खरेदीपासून ३० दिवसांच्या आत नोंदणी करावी. म्हणजे संच पुण्याच्या कपाटात फीत बांधून बसला होता, तेव्हाच ती मुदत सरत आली होती! वस्तू वापरात येण्यापूर्वीच तिच्या हमीचे दिवस मोजले जाऊ लागतात, कारण ते पावतीच्या तारखेपासून मोजले जातात, भिंतीला खिळा ठोकल्यापासून नव्हे. भेट द्यावयाची वस्तू फार आधी घेऊन ठेवू नये, याला हे एक कारण आहे.

तरीही कार्ड भरावयास बसलो. अनुक्रमांक शोधण्यातच अर्धा तास गेला. तो पेटीच्या पोटावर, खसखशीच्या दाण्याएवढ्या अक्षरांत छापलेला असतो. त्यातले शून्य कोणते आणि ‘ओ’ कोणता, एक कोणता आणि ‘आय’ कोणता, हे ओळखण्यास चांगली दृष्टी हवी. शेजारची नववीतली मुलगी आली, तिने मोबाइलने त्या जागेचे छायाचित्र घेतले आणि ते बोटांनी मोठे करून एका दमात सारा आकडा वाचून दाखवला. पुढचा रकाना होता ‘खरेदीदाराचे नाव’. आम्ही गार्डसाहेबांचे नाव सांगू लागलो, तोच त्यांनी हात वर केला.

“हे मी विकत घेतलेले नाही.”

“पण बाबा, वस्तू तर तुमचीच आहे.”

“वस्तू माझी, पण खरेदी माझी नव्हे. खरेदीदार म्हणून मी सही कशी करू?”

ज्या माणसाने उभी हयात गाडी कोणत्या स्थानकात किती वाजून किती मिनिटांनी आली आणि किती मिनिटांनी सुटली, हे आपल्या वहीत लिहिण्यात घालवली, आणि दोन मिनिटांचा उशीर कधी एक मिनिट म्हणून लिहिला नाही, त्याच्याशी यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. शिवाय त्यांचे म्हणणे खरेच होते. कार्डावर विकणाऱ्याला जागा होती, विकत घेणाऱ्याला जागा होती; ज्याच्या घराची राखण व्हावयाची त्याला मात्र जागा नव्हती. माणसे एकमेकांस काही प्रेमाने देतात, ही गोष्ट ते कार्ड छापणाऱ्याच्या ध्यानी आली नसावी.

कायद्याच्या मात्र ती ध्यानी आलेली आहे, हे विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे. आपल्या देशात ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला. त्यास २४ डिसेंबर रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली; म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. त्यापूर्वीच, १९७४ साली, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ आरंभली होती, ही मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. १९८६ च्या कायद्याची जागा पुढे २०१९ च्या कायद्याने घेतली व तो २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला. या कायद्यात ‘ग्राहक’ कोणास म्हणावे, याची व्याख्या दिली आहे. मोल देऊन वस्तू घेणारा तर ग्राहक आहेच. परंतु त्याच्या संमतीने ती वस्तू वापरणाराही ग्राहकच मानला आहे. म्हणजे पुण्याचा भाचा ग्राहक आणि लामत्याचे मामाही ग्राहक. ज्याने पैसे दिले त्यानेच भांडावे, असा नियम नाही.

हे वाचून दाखवताच गार्डसाहेबांची मुद्रा थोडी सैल झाली. “म्हणजे मी ‘वापरणारा’ म्हणून सही करू शकतो,” ते म्हणाले. त्यांनी ‘खरेदीदार’ या शब्दाखाली भाच्याचे नाव घालावयास सांगितले आणि समासात आपल्या वळणदार अक्षरात ‘वापरणारा’ असा नवा रकाना आखून तिथे स्वतःचे नाव लिहिले. छापील कागदास आपल्या हाताने रकाना जोडणारा माणूस आम्ही प्रथमच पाहिला.

येथे एक भाषेची गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. कलाशाखेच्या पदवीधराची ही खोड वाचकांनी सोसावी. इंग्रजीत ‘गार्ड’ आणि ‘वॉर्ड’ हे एकाच मूळ शब्दाचे दोन अवतार आहेत. फ्रान्सच्या उत्तरेकडील बोलीतून जे शब्द इंग्रजीत गेले त्यांच्या आरंभी ‘व’ राहिला, आणि इतर फ्रेंच बोलींतून गेले त्यांत त्याचा ‘ग’ झाला. ‘वॉरंटी’ आणि ‘गॅरंटी’ हेही असेच एका कुळातील दोन भाऊ. आपल्या कायद्यात मात्र या भावांच्या वाटण्या झाल्या आहेत. १८७२ च्या करार कायद्यातील गॅरंटी म्हणजे जामीनकी, दुसऱ्याने शब्द न पाळल्यास आपण भरून देण्याचे वचन. तर १९३० च्या माल विक्री कायद्यातील वॉरंटी ही विक्रीच्या व्यवहारास जोडलेली अट. बाजारात दोन्ही शब्द एकाच अर्थाने ओरडले जातात. गार्डसाहेबांना या व्युत्पत्तीचे विशेष कौतुक वाटले नाही. शेवटच्या डब्यात बसून मागचा दिवा लागलेला आहे ना, हे पाहणारा तो गार्ड, एवढी व्याख्या त्यांना पुरेशी होती.

आता कार्डाबरोबर पावतीची प्रत जोडावयाची होती. ती भाच्याकडे. गार्डसाहेबांची भीड पाहता आम्हीच त्याला फोन केला. कॅमेरा बंद पडल्याचे ऐकून तो हळहळला. पावतीचे नाव काढताच मात्र गप्प झाला.

“पावती मामांना दाखवू नका हं. किंमत पाहिली तर ते मला पैसे पाठवतील. मागे चष्म्याच्या वेळी पाठवले होते.”

घटकाभराने त्याने पावतीचे छायाचित्र पाठवले. किमतीच्या जागी त्याने आपला अंगठा ठेवला होता. आम्हांला हसू आवरेना. अशी झाकलेली पावती कोणती कंपनी मान्य करील? त्याला पुन्हा फोन करून, पूर्ण पावती केवळ आमच्याकडेच पाठव आणि आम्ही ती मामांस दाखवणार नाही, असे वचन दिले, तेव्हा कुठे अंगठा निघाला.

वास्तविक हा सारा अंगठा व्यर्थच होता. वेष्टनात बांधून विकावयाच्या मालावर उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत, आणि तक्रारीसाठी संपर्काचा क्रमांक छापलाच पाहिजे, असा २०११ च्या वैधमापन नियमांचा दंडक आहे. भाच्याने दुकानदाराची चिठ्ठी खरवडली. खोक्याच्या बाजूला छापलेला आकडा तसाच राहिला. ते खोके दोन महिने गार्डसाहेबांच्याच माळ्यावर होते. आम्ही सहज विचारले, “बाबा, तुम्ही खोक्यावरचा मजकूर पाहिला होता का?”

“पाहिला होता,” ते म्हणाले, “पण वाचला नाही.”

या उत्तरावर आम्ही काही बोललो नाही. देणाऱ्याने झाकावे आणि घेणाऱ्याने न वाचावे, असे दुहेरी सौजन्य त्या घरात नांदत होते. आणि त्या सौजन्याच्या मधोमध एक म्हातारा माणूस रात्री दोनदा काळोखात उतरत होता. आमचे मत विचाराल तर पावती हा भेटीचाच एक अवयव मानावा. बंद पाकिटात घालून, ‘अडचण आली तरच उघडावे’ असे वर लिहून ती खोक्यात ठेवावी. किंमत कळली म्हणून प्रेम उणे होत असेल, तर ते मुळातच जरा उणे असले पाहिजे.

कंपनीकडे नोंदणी करावयाची ती संगणकजालावर. तेथील अर्ज पाहून आम्ही थोडे सावध झालो. नाव, पत्ता, अनुक्रमांक आणि खरेदीची तारीख विचारणे योग्यच; पण जन्मतारीख, व्यवसाय, घरात माणसे किती, हेही विचारलेले होते. घराच्या राखणीसाठी घेतलेल्या वस्तूच्या अर्जावर ‘घरात एकच वृद्ध गृहस्थ असतात’ असे आपण होऊन लिहून द्यावे, यापरता विरोध कोणता? ज्या रकान्यांवर आवश्यकतेची खूण नव्हती ते सर्व आम्ही कोरे सोडले. विश्वासाने दिलेली माहिती कोणत्याही कायद्याचा आधार नसता दुसऱ्यास पुरवणे, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असे २०१९ चा ग्राहक कायदाच म्हणतो. तरी कायद्यावर भार टाकण्यापेक्षा न सांगितलेले बरे.

दुसरा धोका याहून मोठा. शेजारच्या मुलीच्या थोरल्या भावाने उत्साहाने कंपनीचा मदत क्रमांक संगणकजालावर शोधून काढला आणि आम्हांला फोन जोडून दिला. पलीकडील गृहस्थ अतिशय गोड बोलत होते. नोंदणीसाठी फक्त दहा रुपये भरा, आणि मोबाइलचा पडदा आम्हांस दिसेल असे एक साधन उतरवून घ्या, असे त्यांनी सांगितले. आम्ही खोक्यावरचा छापील क्रमांक मुलीकडून वाचून घेतला. तो अगदीच निराळा निघाला. फोन ठेवला. हमीच्या नोंदणीस पैसे पडत नाहीत आणि त्यासाठी आपल्या मोबाइलचा पडदा कोणास उघडून द्यावा लागत नाही. चोरापासून राखण करणाऱ्या वस्तूच्या नावाने चोर आपल्या कानाशी येऊन बसतात, असा हा काळ आहे. खरा क्रमांक खोक्यावर असतो; म्हणून खोके जपावे.

अर्ज गेला आणि दोन दिवसांनी कंपनीचे उत्तर आले : नोंदणीची मुदत संपल्यामुळे विनंती मान्य करता येत नाही. गार्डसाहेबांनी मान हलवली. “सिग्नल पडला,” ते म्हणाले.

उत्तराची वाट पाहण्याच्या त्या दोन संध्याकाळी ओसरीवर ज्या गप्पा झाल्या, त्या येथे सांगितल्या पाहिजेत, कारण हमी म्हणजे काय याचाच तो खल होता. लंडनच्या पिकॅडिलीतील ब्रामा या कुलूपकाराने १७९० साली आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवले आणि जाहीर केले की, हे कुलूप जो किल्लीवाचून उघडील त्यास दोनशे गिनी देऊ. साठ वर्षे ते कुलूप तसेच राहिले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाचा अमेरिकन आला. सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास खपून त्याने ते उघडले आणि कंपनीने दोनशे गिनी मोजून दिल्या. ब्रामा स्वतः तोवर केव्हाच वारला होता. ज्याने शब्द दिला तो गेला, ज्यांच्या समक्ष दिला तेही बहुतेक गेले, पण शब्द पाळला गेला. गार्डसाहेबांना ही गोष्ट फार आवडली. त्यांनी ती दोनदा ऐकली आणि तासांचा हिशेब बरोबर आहे ना, हे विचारून घेतले.

आपल्याकडे मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलुपांचा कारखाना काढला, तो शहरातील चोऱ्यांचा सुळसुळाट पाहूनच. कॅमेऱ्याच्या राखणीची कल्पना मात्र न्यूयॉर्कच्या एका परिचारिकेची. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन हे तिचे नाव. तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या कामाच्या वेळा अवेळी असत, घरी ती पुष्कळदा एकटीच असे, आणि पोलिसांना बोलावले तर ते लवकर येत नसत. म्हणून दाराच्या निरनिराळ्या उंचीवरील भोकांतून पाहणारा कॅमेरा, आतल्या खोलीत चित्र दाखवणारा पडदा आणि बसल्या जागेवरून दार उघडण्याची कळ, अशी योजना त्या दोघांनी १९६६ मध्ये मांडली. १९६९ च्या डिसेंबरात त्यांस तिचे एकस्व मिळाले. एकट्या माणसाचे भय हेच या यंत्राचे बीज आहे. लामत्याच्या ओसरीवर ते आम्हांला नीट उमगले.

मग गार्डसाहेबांनी आम्हांला विचारले, “तुमच्या कोकणात काय करतात?”

आमच्या घरची बोली कोकणी. तळकोकणात आणि गोव्यात गावोगाव राखणदार असतो. तो देव, पण देवळात बसून राहणारा नव्हे. रात्री तो गावाच्या शिवेवरून फिरतो, अशी श्रद्धा आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या भल्या मोठ्या वहाणा वाहतात. त्या घालून तो रात्रभर हिंडतो आणि वहाणा झिजतात, असे सांगतात. त्याच्यापुढे गाऱ्हाणे घालण्याचीही एक रीत आहे. उगाच ‘रक्षण कर’ म्हणून भागत नाही. कोण, कोणत्या घरचा, कशासाठी उभा आहे, हे गावकरी स्पष्ट उच्चारून सांगतो आणि भोवतालचे लोक त्याला होकार भरतात. आम्ही हे सांगितले तेव्हा गार्डसाहेब म्हणाले, “म्हणजे नोंदणीच की!” आणि खरोखर, आजवर आम्ही त्याकडे या दृष्टीने पाहिले नव्हते. मात्र त्या नोंदणीला मुदत नसते, आणि गाऱ्हाणे घालणाऱ्यास पावती विचारीत नाहीत.

नकार आला तेव्हा आम्हीही एक गाऱ्हाणे लिहावयास बसलो. मजकूर फार नव्हता. पावतीच्या तारखेपासून एक वर्षाची हमी आपणच छापली आहे, ते वर्ष अद्याप संपलेले नाही. दोष वस्तूत आहे, कार्डात नव्हे. कार्ड उशिरा आले म्हणून कॅमेरा बिघडत नाही. आणि वापरणारा हाही कायद्याने ग्राहक आहे. जोडीस आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक पत्रात घातला. कायद्याची पुढची वाटही आम्ही गार्डसाहेबांना समजावून दिली. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तेथील जिल्हा आयोगापुढे तक्रार करता येते. वस्तू पुण्याची, कंपनी आणखी कुठली, तरी बालाघाट चालते. वस्तूचे मोल पाच लाख रुपयांच्या आत असेल तर शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. लामत्यातून बालाघाटला गाडीने जाता येते, हे तर त्यांना आमच्याहून अधिक ठाऊक होते.

“पण कोर्टकचेरी नको,” ते म्हणाले. “त्या पोराला वाईट वाटेल.”

ती करावी लागली नाही. सहाव्या दिवशी कंपनीचे दुसरे पत्र आले. भाषा पहिल्याहून मऊ होती. हमी ग्राह्य धरल्याचे आणि माणूस पाठवीत असल्याचे लिहिले होते. माणूस बालाघाटहून आला. त्याने मागच्या भिंतीवरचा कॅमेरा उतरवून पाहिला. वीज पडली असती, तारा उंदरांनी कुरतडल्या असत्या किंवा पाणी शिरले असते, तर हमी लागू झाली नसती. बारीक अक्षरांतल्या अपवादांची ती यादीच होती. तसे काही निघाले नाही. आतलाच एक भाग निकामी झाला होता. त्याने नवा कॅमेरा बसवला, त्याचा नवा अनुक्रमांक लिहून दिला आणि जाताना, कारखान्याने घातलेला मूळ परवलीचा शब्द अजून तसाच आहे, तो बदला, असे बजावले. हा सल्ला लाखमोलाचा. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या दुष्ट प्रणालीने जगभरचे असे न बदललेले कॅमेरे काबीज केले आणि त्यांच्या फौजेने अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली होती. आपल्याकडेही २०२५ च्या एप्रिलपासून कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणीची अट लागू झाली आहे. परंतु परवलीचा शब्द ज्याचा त्यानेच बदलावयाचा असतो. गार्डसाहेबांनी तो बदलला. काय ठेवला ते आम्हांलाही सांगितले नाही.

त्या संध्याकाळी भाच्याचा फोन आला. मामा-भाच्याचे बोलणे बराच वेळ चालले. किमतीचा विषय निघाला नाही. भाच्यासाठी चिन्नोर तांदळाचे एक पोते मात्र बांधून ठेवलेले आम्ही पाहिले. बालाघाटच्या या तांदळाला २०२१ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. म्हणजे त्याच्याही नावाची रीतसर नोंद झालेली आहे. पोत्यावर किंमत लिहिलेली नव्हती.

नोंदणीचे अंतिम पत्र आम्ही छापून आणले. त्यात खरेदीदार म्हणून भाच्याचे नाव होते आणि खाली, ‘वापरकर्ता’ या शब्दापुढे, गार्डसाहेबांचे. तो रकाना कंपनीने आपण होऊन घातला, की समासातली ती आखणी पाहून कोणा कारकुनाला सुचला, ते देव जाणे. गार्डसाहेबांनी पत्र, कार्ड आणि पावतीचे बंद पाकीट एकत्र करून खोक्यात ठेवले व खोके पुन्हा माळ्यावर चढवले. मग चष्मा लावून त्यांनी आपली जुन्या सवयीची वही उघडली आणि तारखेखाली लिहिले : “परसदार कॅमेरा चालू, दुपारी ३ वाजून १२ मिनिटे. विलंब २३ दिवस.”